हेस्टनचे दोघे: जिमी पेज आणि रिची ब्लॅकमोर

या धाग्यात आपण एरवी शिलालेख, नाणी, बखरी आणि दफ्तरखान्यातील कागद यांच्याविषयी बोलतो. आजचे साधन निराळे आहे. चुंबकीय फितीवर उतरलेला विजेच्या गिटारीचा नाद, हाच आजचा कागद. पद्धत मात्र नेहमीचीच ठेवणार आहे: साधन कोठे तयार झाले, कोणी केले, आणि त्यातून काय ताडता येते.

इतिहासाच्या अभ्यासकाला प्रयोगशाळा मिळत नाही. रसायनशास्त्रज्ञ एक घटक तसाच ठेवून दुसरा बदलून पाहू शकतो. आपल्याला पानिपत पुन्हा लढवून पाहता येत नाही. परंतु क्वचित असे घडते, की काळच आपल्यासाठी प्रयोग मांडून ठेवतो. दोन माणसे, जवळपास एकच वय, एकच उपनगर, एकच व्यवसाय, पुढे एकच यंत्रसामग्री आणि एकच स्टुडिओसुद्धा; आणि हाती आलेले फळ मात्र सर्वस्वी वेगळे. लेड झेपेलिनचा जिमी पेज आणि डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर ही अशी जोडी आहे. त्यांची तुलना बहुधा 'श्रेष्ठ कोण' या कुस्तीच्या फडावर होते. मला तो प्रश्न कंटाळवाणा वाटतो. इतके सारखे असूनही ते वेगळे कशामुळे झाले, हा प्रश्न मला अनेक वर्षे सोडत नाही.

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या वाटेवर हेस्टन नावाचे उपनगर आहे. ९ जानेवारी १९४४ रोजी पेजचा जन्म तेथे झाला. ब्लॅकमोर १४ एप्रिल १९४५चा. जन्म वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावचा, पण तो दोन वर्षांचा असताना कुटुंब हेस्टनला आले आणि तो तेथेच वाढला. पेजचे कुटुंब पुढे फेल्टम आणि मग एप्सम येथे गेले. एप्समच्या घरात कोणाची तरी पडून राहिलेली गिटार त्याच्या हाती लागली. ब्लॅकमोरला अकराव्या वर्षी वडिलांनी गिटार घेऊन दिली, ती एका अटीवर: शिकायचे तर रीतसर शिकायचे. म्हणून वर्षभर त्याने अभिजात गिटारीचे धडे घेतले. एकाला गिटार सापडली, दुसऱ्याला ती शर्तीसह मिळाली. या एवढ्याशा फरकावर सगळा सिद्धान्त उभारण्याचा मोह चरित्रकारांना होतो. मी तो टाळतो, पण फरक नोंदवून ठेवतो.

१९५७ मध्ये पेज बीबीसीच्या मुलांसाठीच्या एका कार्यक्रमात आपल्या स्किफल मंडळीसह वाजवताना दिसतो. मोठेपणी काय व्हायचे, असे विचारल्यावर तो जीवशास्त्रीय संशोधनाचे नाव घेतो. ब्लॅकमोरने पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि हीथ्रोवर रेडिओ-मेकॅनिकच्या उमेदवारीला लागला. दोघांच्याही घरी गिटार हा उपजीविकेचा मार्ग म्हणून कोणी गृहीत धरलेला नव्हता.

मग येतो तो साठच्या दशकातील लंडनचा एक विलक्षण धंदा, सेशन वादकाचा. ज्याचे नाव तबकडीवर छापले जात असे, तो पुष्कळदा वाजवतच नसे. स्टुडिओत तासांच्या हिशेबाने बोलावलेला कसबी वादक ते काम करून, पैसे घेऊन, पुढच्या स्टुडिओकडे निघून जाई. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतातील वादकांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. या धंद्यातील तेव्हाचा मोठा गिटारवादक म्हणजे बिग जिम सलिव्हन. ब्लॅकमोर काही काळ त्याच्याकडे शिकला. आणि त्याच स्टुडिओंत दुसरा एक जिम वाजवू लागला तेव्हा गोंधळ टाळण्यासाठी त्याला 'लिटल जिम' म्हणू लागले. तो पेज. म्हणजे गुरू-शिष्याचे नाते एका बाजूला आणि मोठ्या-धाकट्या सहकाऱ्यांचे दुसऱ्या बाजूला, मधला माणूस एकच.

पेजने १९६३ ते १९६६ या काळात शेकडो ध्वनिमुद्रणांत वाजवले. 'द हू'च्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात ताल धरणारी गिटार त्याची आहे. शर्ली बॅसीच्या 'गोल्डफिंगर'च्या ध्वनिमुद्रणालाही तो हजर होता. ब्लॅकमोर राबला तो मुख्यतः जो मीक या विक्षिप्त निर्मात्याकडे. मीकचा स्टुडिओ म्हणजे हॉलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरचे राहते घर होते. गायक न्हाणीघरात, व्हायोलिनवाले जिन्यात, असा कारभार. हा जिना लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे, पण भलत्याच माणसाच्या हाती.

१९६८ मध्ये दोघांचेही संघ उभे राहिले. गिटारीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून इतका वाढवायचा, की तो फाटू लागेल, आणि त्या फाटलेल्या आवाजालाच सौंदर्य मानायचे, ही हार्ड रॉकची थोडक्यात व्याख्या. त्यात 'रिफ' महत्त्वाची, म्हणजे गाण्याचा कणा ठरणारी, पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वराकृती. एवढी तोंडओळख पुरे.

आता त्या ट्रककडे जाऊ.

रोलिंग स्टोन्स या संघाने ध्वनिमुद्रणाची सारी यंत्रसामग्री एका ट्रकमध्ये बसवून फिरता स्टुडिओ तयार केला होता आणि तो ते इतरांना भाड्याने देत. १९७०-७१च्या हिवाळ्यात तो ट्रक इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूबाहेर उभा होता. आत लेड झेपेलिन. वर्षही उलटले नाही तोच, डिसेंबर १९७१ मध्ये, तोच ट्रक स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो येथे जिनिव्हा सरोवराच्या काठी उभा राहिला. आता आत डीप पर्पल. तीच यंत्रे, तोच ऋतू, आणि दोन्हीकडे स्टुडिओऐवजी थंडगार पडलेली मोठी वास्तू. याहून स्वच्छ तुलना कोणी मागू नये.

हेडली ग्रेंजमध्ये काय झाले? जॉन बॉनमचा ड्रमसेट उंच छताच्या दिवाणखान्यात मांडला गेला. जवळ मायक्रोफोन लावण्याऐवजी ध्वनितंत्रज्ञ अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन वर जिन्याच्या मजल्यावरून लटकवले. ड्रमचा आवाज आधी भिंतींना, जिन्याला, छताला भेटतो आणि मग फितीवर येतो. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा तो प्रसिद्ध, डोंगर हलल्यासारखा ठोका असा जन्मला. आता कोणी म्हणेल, हे ड्रमचे झाले, गिटारवादकाचा यात काय संबंध? संबंध असा, की पेज या सर्व तबकड्यांचा निर्माताही होता. मायक्रोफोन दूर नेला की नादाला खोली येते, हे तो सेशनच्या दिवसांत कान उघडे ठेवून शिकला होता. पेजची शैली त्याच्या बोटांत शोधू गेलात तर अर्धीच सापडते. उरलेली अर्धी त्या जिन्यात आहे.

आणि माँत्रो? ४ डिसेंबरला फ्रँक झॅपाच्या मैफलीत कोणीतरी उडवलेल्या फ्लेअरने तेथील कॅसिनो जळून खाक झाला. डीप पर्पल तेथेच ध्वनिमुद्रण करणार होते. ते मग पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात गेले, तेथे शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केली आणि पोलिस आले. पोलिस दारापाशी येईपर्यंत एका गाण्याचा वाद्यमेळ फितीवर उतरला होता. तेच पुढे 'स्मोक ऑन द वॉटर' झाले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेले ग्रँड हॉटेल मिळाले. तेथील मार्गिकेत त्यांनी वाद्ये मांडली आणि घुमारा मरावा म्हणून सभोवती गाद्या लावल्या. पेजने जो घुमारा जिन्यातून वेचून आणला, तोच घुमारा येथे गाद्यांखाली दाबला गेला!

याहून बोलका तपशील पुढे आहे. वाजवलेले कसे उतरले ते ऐकण्यासाठी ट्रकपर्यंत जायचे, तर खोल्या आणि सज्जे ओलांडत भलता वळसा पडे. दोन-चारदा गेल्यावर मंडळींनी जाणेच सोडले. वाजवून समाधान होईपर्यंत वाजवायचे आणि पुढच्या गाण्याला लागायचे. 'मशीन हेड' ही १९७२ची तबकडी, हार्ड रॉकच्या आधारस्तंभांपैकी एक, अशा रीतीने साधारण दोन-अडीच आठवड्यांत झाली. पेजला असे वागणे शक्यच नव्हते. त्याच्यासाठी वाजवणे ही कच्चा माल गोळा करण्याची अवस्था. खरे काम ट्रकमध्ये, ऐकताना सुरू होई. ब्लॅकमोरसाठी वाजवून झाले की काम झाले.

मला या दोघांमधील भेद येथे दिसतो. वेग, आवाज, केस, काळे कपडे या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

पेजची रचना थरांची आहे. एक गिटार उजव्या कानात, दुसरी डाव्या, तिसरी लांबून, चौथी बिनविजेची. 'टेन इयर्स गॉन' ऐका. गिटारींचे एक पथक संथपणे चालत यावे तसे ते गाणे भरत जाते. 'हार्टब्रेकर'मधील एकट्या गिटारीचा प्रसिद्ध तुकडा वेगळ्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून मध्ये जोडला गेला. बारकाईने ऐकल्यास त्याची स्वरपट्टी बाकी गाण्यापेक्षा किंचित चढी लागते. पेजला त्याची फिकीर नव्हती. सांधा दिसला तरी चालेल, इमारत उभी राहिली पाहिजे.

त्याच्या तारा जुळवण्याच्या रीतीही अशाच. डी-ए-डी-जी-ए-डी ही ब्रिटिश लोकसंगीताच्या गिटारवादकांकडून आलेली जुळवणी त्याने 'ब्लॅक माउंटन साइड' आणि 'काश्मीर' या दोन्हींत वापरली. अशा जुळवणीत मोकळ्या तारा सतत गुंजत राहतात, तंबोऱ्यासारख्या. 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तर विराम जसानी यांचा तबलाही आहे. 'काश्मीर'मध्ये गिटार आणि वाद्यवृंद तीन मात्रांच्या चालीने जातात आणि बॉनम चाराच्या चालीने. बारा मात्रांनी दोघे एकत्र येतात. तालाची गोडी असलेल्या आपल्या वाचकाला ही समेवरची भेट समजावून सांगायला नको. (त्या गाण्याचा काश्मीरशी संबंध नाही. शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोतील निर्मनुष्य रस्त्यावर. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी शीर्षकावर विश्वास ठेवू नये, हे मी पूर्वीही सांगितले आहे.) मंचावर तो व्हायोलिनचा गज घेऊन गिटार वाजवी, ही कल्पना डेव्हिड मॅकॅलम या व्हायोलिनवादकाची, तीही सेशनच्या दिवसांतली. स्टुडिओत मिळालेले काहीही पेजने वाया जाऊ दिले नाही.

ब्लॅकमोरकडे वळले की हवा बदलते. तेथे थर नाहीत, रेषा आहे. एकच आवाज, धारदार, थोडासा कोरडा, आणि प्रत्येक स्वर मोजून मापून ठेवलेला. त्याने १९७०च्या सुमारास फेंडर स्ट्रॅटोकास्टर जवळ केली. पेजच्या गिब्सन लेस पॉलचा नाद जाड आणि उबदार. स्ट्रॅटोकास्टरचा पातळ आणि उघडा, ज्यात चूक लपत नाही. तीवर त्याने दोन पडद्यांमधले लाकूड खरवडून खोलगट केले. त्यामुळे बोट लाकडाला टेकत नाही, फक्त तारेला भिडते. स्वर हलवणे, ओढणे सोपे होते, पण किंचित जास्त दाब पडला की सूर चढतो. सतारीवर मींड घेणाऱ्याला हे गणित कळेल. म्हणजे या माणसाने आपले वाद्य मुद्दाम अधिक अवघड करून घेतले. त्यापुढे मार्शलचे २०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि मध्ये एक साधा टेपरेकॉर्डर, ज्यातून आवाज गेला की तो आणखी भरदार होई.

'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ जगातील प्रत्येक गिटारच्या दुकानात रोज कोणी ना कोणी वाजवत असतो. बहुतेक जण ती पिकने, एका तारेवर किंवा चुकीच्या स्वरजोडीत वाजवतात. ब्लॅकमोर ती दोन तारा एकदम बोटांनी छेडून वाजवतो, आणि त्या दोन स्वरांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. षड्ज-पंचमाची जोडी घरी बसल्यासारखी स्थिर वाटते. ही दारात उभी राहिल्यासारखी. युरोपातील मध्ययुगीन समूहगानात अशा समांतर चालींचा वापर होता, आणि ब्लॅकमोरचा जीव त्या काळात कसा गुंतला होता ते पुढे साऱ्या जगाने पाहिले.

येथे एक वास्तुस्थितीचे कारणही आहे, जे चाहते विसरतात. डीप पर्पलमध्ये जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन होता, आणि तो गिटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनच गर्जत असे. मधली सगळी पोकळी ऑर्गनने भरलेली. गिटारीला एकच रेषा काढण्याची मोकळीक मिळाली, किंबहुना तेवढीच जागा उरली. लेड झेपेलिनमध्ये जॉन पॉल जोन्स कीबोर्ड वाजवी, पण बास त्याच्याकडेच. बराच काळ गिटारीलाच वाद्यवृंद व्हावे लागे. म्हणजे शैली स्वभावातून येते तशी ती शेजाऱ्यातूनही येते. तरी शेजारी निवडतो कोण? ब्लॅकमोरने पुढे स्वतःचा संघ काढला तेव्हाही कीबोर्ड घेतलेच.

आता थोडी साधनचिकित्सा. 'पेज रचनाकार, ब्लॅकमोर उत्स्फूर्त' असे सूत्र इथवर वाचून कोणाच्या मनात तयार झाले असेल, तर त्याला दोन पुरावे अडवतात. 'हायवे स्टार'मधील ब्लॅकमोरचा तुकडा, जो वीज कोसळल्यासारखा वाटतो, तो त्याने बाखच्या वळणाच्या स्वरसंगतीवर एकेक स्वर ठरवून आधी बांधला होता. उलट 'स्टेअरवे टू हेवन'मधील पेजचा तुकडा, जो शिल्पासारखा घडवलेला वाटतो, तो उत्स्फूर्त आहे. त्याने वेगवेगळे तीन तुकडे आयत्या वेळी वाजवले आणि त्यांतून एक निवडला. निवडला, हा शब्द महत्त्वाचा. पेजची प्रतिभा वाजवताना सैल असते आणि निवडताना कठोर. ब्लॅकमोरची कठोरता आधी येते. मंचावर गेल्यावर तो तीच बांधलेली गोष्ट मोडू लागतो.

ती मोडतोड ऐकण्यासाठी 'मेड इन जपान' हवी. १५ ते १७ ऑगस्ट १९७२, ओसाकात दोन रात्री आणि टोकियोत एक. जे वाजले ते जवळजवळ तसेच तबकडीवर आले. मंडळींना त्या तबकडीत फारसा रसही नव्हता. लेड झेपेलिनची 'द साँग रिमेन्स द सेम' ही १९७६ची तबकडी न्यूयॉर्कमधील जुलै १९७३च्या तीन रात्रींची, पण ती निरनिराळ्या रात्रींचे तुकडे जोडून झाली आहे. एक दैनंदिनी आहे, दुसरे आत्मचरित्र. दोन्ही साधने ग्राह्य, पण त्यांना विचारायचे प्रश्न निराळे.

माझ्या हाती 'मेड इन जपान' आली ती पुण्यातील वसतिगृहात, कोणाच्या तरी कोणीतरी भरून दिलेल्या कॅसेटवर, गाण्यांची नावे हिरव्या पेनाने लिहिलेली. त्या मजल्यावर दोन पक्ष होते आणि पेजपक्ष बहुमतात होता. मी अल्पमतात होतो, आणि अजून आहे असे म्हणायला हरकत नाही. कारण संगीतशास्त्रीय नव्हते. त्या कॅसेटवर 'हायवे स्टार'च्या अखेरीस ब्लॅकमोर पडला तर पडेल अशा कडेवर चालतो आणि ते मला, परीक्षेच्या आदल्या रात्री, एका कानाचा हेडफोन बंद असताना, स्पष्ट ऐकू येई. त्याच कॅसेट-प्लेअरवर लेड झेपेलिन अर्धे हरवत असे: अर्धी गिटार बंद कानात! बऱ्याच वर्षांनी चांगल्या यंत्रावर 'फिजिकल ग्राफिटी' ऐकली तेव्हा पेज पूर्ण भेटला. साधन आपल्यापर्यंत कोणत्या प्रतीने पोचते यावर आपले मत किती अवलंबून असते, याची जाणीव मला ताम्रपटांनी नव्हे, त्या बिघडलेल्या हेडफोनने करून दिली.

मंचावरही दोघे नाट्य करीत, पण निराळे. पेज गज उंचावून प्रकाशाच्या सुळक्यात मांत्रिकासारखा उभा राही. ब्लॅकमोरचे नाट्य भांडणाचे. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्निया जॅममध्ये त्याने गिटारीचा दांडा थेट दूरचित्रवाणीच्या महागड्या कॅमेऱ्यात खुपसला. तो राग खरा होता की ठरवलेला, यावर आजही वाद घालणारे लोक आहेत. मला तो दोन्ही वाटतो.

उसनवारीचा विषय टाळता येणार नाही, कारण तेथे आपल्या मुंबईचे नाव येते. डीप पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या संघाच्या १९६९मधील रचनेवरून घेतलेली आहे. रचनेचे नाव 'बॉम्बे कॉलिंग'. गंमत अशी, की त्या संघाने बदल्यात डीप पर्पलची 'रिंग दॅट नेक' ही चाल उचलली. डीप पर्पलच्या मंडळींनी हे पुढे हसत सांगितले. पण तबकडीवर मूळ रचनाकाराचे नाव मात्र टाकले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पेजचे प्रकरण अधिक जड आहे. 'होल लॉटा लव्ह'मध्ये ब्लूजचे रचनाकार विली डिक्सन यांचे ऋण होते. दावा झाला आणि १९८७ मध्ये तडजोड होऊन त्यांचे नाव श्रेयात आले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मूळ जेक होम्सचे. त्याचे नाव येण्यासाठी चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली. 'स्टेअरवे'वरचा दावा मात्र लेड झेपेलिनने जिंकला आणि २०२० मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. लोकसंगीतात सगळेच उसने असते, हा बचाव मला अर्धवट पटतो. लोकसंगीतात कोणाचे नाव नसते. येथे नाव होते, फक्त दुसऱ्याचे छापले गेले. शिकागोतील कृष्णवर्णीय रचनाकाराला आपल्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि लंडनचा गोरा तरुण त्याच चालीवर श्रीमंत होतो, ही गोष्ट शैलीच्या चर्चेबाहेर ठेवता येत नाही. पेजची थर चढवण्याची कला मोठी आहे. त्या थरांतील काही विटांवर इतरांची नावे होती, तेही खरे.

पेज मुंबईत आला तो १९७२ मध्ये, गायक रॉबर्ट प्लांटसह. येथील वादकांना घेऊन त्याने 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. तबला, सारंगी, व्हायोलिनचा ताफा आणि मध्ये पेज. दौऱ्यावर नव्हे, मैफलीसाठी नव्हे, तर मुंबईचे वादक आपल्या थरांत कसे बसतात ते ऐकायला तो आला होता. त्याने त्या फिती नेल्या आणि ठेवून दिल्या.

आता म्यूनिक. म्युझिकलँड हा तेथील एका हॉटेलच्या तळघरातला स्टुडिओ. नोव्हेंबर १९७५ मध्ये लेड झेपेलिन तेथे आले. प्लांट अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत होता आणि मागून रोलिंग स्टोन्सची पाळी लागलेली. पेजने त्यांच्याकडून आणखी काही दिवस मागून घेतले. 'अकिलीस लास्ट स्टँड' या दहा मिनिटांच्या गाण्यावर त्याने गिटारीचे सर्व थर एका रात्रीत चढवले. अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, त्याच तळघरात ब्लॅकमोर आपला नवा संघ 'रेनबो' घेऊन उतरला. ध्वनितंत्रज्ञ व निर्माता मार्टिन बर्च, गायक रॉनी जेम्स डिओ, ड्रमवर कोझी पॉवेल. त्यांचे मोठे गाणे 'स्टारगेझर', आठ मिनिटांहून अधिक.

ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐका. दोन्ही भव्य, दोन्हीत पुराणकथेचा वास, दोन्ही थकून भागून दूर देशी गेलेल्या माणसांची. पण पेज भव्यता उभी करतो ती स्वतःच्या एकट्याच्या हातांनी, गिटारीवर गिटार रचत. दहा मिनिटांत ती गिटार नक्की कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. ब्लॅकमोर भव्यतेचे काम दुसऱ्यांवर सोपवतो, चक्क म्यूनिकच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदावर, आणि स्वतः त्या डोंगरासमोर एकच गिटार घेऊन उभा राहतो. त्या तुकड्यातील स्वर हिंदुस्थानी कानाला बसंतमुखारीची आठवण करून देतील: कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, मग खाली घसरत आलेली हाक. तो त्या दिवसांत चेलो शिकत होता, आणि लांब, न तुटणाऱ्या स्वराची ओढ तेथे जाणवते.

माझे मत विचाराल तर, त्या तळघरातून निघालेल्या दोहोंत 'अकिलीस' हे अधिक थोर ध्वनिमुद्रण आहे आणि 'स्टारगेझर'मध्ये अधिक थोर वादन आहे. यात विरोध नाही. एका वर्षात, एका खोलीत, एकाने खोलीचे सर्व कोपरे वापरले आणि दुसऱ्याने मधली एक जागा.

लेड झेपेलिन १९८० मध्ये बॉनमच्या मृत्यूने थांबले. पेजने त्यानंतर वाजवले, पण पूर्वीसारखे सातत्याने नाही. ब्लॅकमोरने १९९३ मध्ये डीप पर्पल कायमचे सोडले आणि १९९७ पासून 'ब्लॅकमोर्स नाइट' या नावाने प्रबोधनकाळाच्या वळणाचे संगीत, त्या काळचे कपडे घालून, बिनविजेच्या वाद्यांवर वाजवू लागला. जुने चाहते चिडले. मला तर वर्षभर अभिजात गिटार शिकलेला तो हेस्टनचा मुलगाच तेथे दिसतो, आणि 'स्मोक'मधल्या त्या दोन तारांचे मूळही.

पेज मात्र ऐकत राहिला. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत त्याने लेड झेपेलिनच्या सर्व स्टुडिओ-तबकड्यांच्या मूळ फिती पुन्हा तपासून, झाडूनपुसून, जोडीला अप्रकाशित मुद्रणे देऊन प्रसिद्ध केल्या. शेवटची होती 'कोडा'. तिच्यात १९७२च्या त्या मुंबईच्या दोन फिती प्रथमच अधिकृतपणे बाहेर आल्या, तेहेतीस नव्हे, चाळीस नव्हे, त्रेचाळीस वर्षांनी. श्रेयात वादकांची जागा एका शब्दजोडीने भरली आहे: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.